कडेवरचा अंगठा

प्रत्येक फटक्याआधी माझ्याविरुद्ध खेळणारी ती एकोणीस वर्षांची पोरगी टेबलाच्या कडेचं रबर अंगठ्याने दाबून बघायची. पूल बिलियर्ड्सच्या फायनलमध्ये असले चाळे! सहा वेळचा विजेता मी, खुर्चीत बसून विचार करत राहिलो. तोडगा असेल, की नुसता नखरा?

शेवटच्या डावात माझा चेंडू डाव्या कडेवर आपटला आणि पॉकेटकडे उसळायचा सोडून तिथेच मेला. ती जिंकली.

हात मिळवताना राहवलं नाही. "काय गं, सारखं दाबून काय बघत होतीस?"

"तुमच्याच जुन्या व्हिडिओत बघून शिकले, सर."

आठवलं. आमच्या क्लबातल्या मोडक्या टेबलाचं रबर सुटायचं, म्हणून मी दाबून बघायचो. चांगली टेबलं मिळाली आणि सवय गेली.

"आज डावीकडचं सुटलं होतं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेलच."