रेघांचा कागद

"हनुवटी टेकून टेकून मानंला बाक आला की रं! विहिरीत बादली पडल्यावानी किती वाकून बघशील लेकरा?"

केसरबाईंची कुरकुर सम्यकच्या अगदी नाकासमोरून आली. दोघांच्या मधे डोळे तपासायचं यंत्र तेवढं होतं. बाई सिल्लोडहून पहिल्या एसटीनं आलेल्या. अकरा वाजत आले तरी पोटात चहाशिवाय काही नव्हतं. सम्यकनं यंत्र पुढं घेतलं, मागं घेतलं, परत पुढं घेतलं.

"सिस्टर, याची भिंगं कुणी पुसतं की नाही?"

"सकाळीच पुसली, सर," सरिता सिस्टर म्हणाल्या.

"मग धूसर का?"

सिस्टरनी फडकं घेऊन भिंगं पुन्हा पुसली. काल थिएटरमधल्या मायक्रोस्कोपची हीच तऱ्हा, परवा कॉम्प्युटरवरच्या अक्षरांची. विद्यापीठाचं एवढं मोठं हॉस्पिटल, पण एक वस्तू धड असेल तर शपथ.

डॉक्टर सम्यक इथं डोळ्याच्या पडद्याची ऑपरेशनं शिकायला आला होता. दहा महिने झाले, प्रेरणा मॅडमच्या शेजारी बसून त्यानं दुसऱ्याचे हात पाहिले. कन्नडहून वडील दर रविवारी फोनवर विचारत, "तुझ्या हातात कधी देणार रे?" आणि मॅडमचं एकच पालुपद, "सम्यक, दोन दिवस सुट्टी घे. झोप काढ." जणू ऑपरेशन झोपेत शिकतात!

या शुक्रवारी मात्र पाळी त्याची होती. केसरबाईंच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती आणि तीन इंजेक्शनं देऊन झाली होती. एवढं करूनही त्यांना रेघा वाकड्या दिसत असतील, तर ऑपरेशन. पहिलं, स्वतःच्या हातानं. काल त्यानं तसं सांगितलं तेव्हा मॅडम बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी तपास तर कर."

त्यानं चौकटींचा कागद काढला. मधोमध काळा ठिपका, भोवती आडव्याउभ्या रेघा. पडद्याला सूज असली की याच रेघा वाकड्या दिसतात.

"मावशी, असा डावा डोळा झाका. ठिपक्याकडं बघा. रेघा कशा दिसतात?"

"सरळ."

"नीट बघा."

"नीटच बघाया लागले. आदी लाटा उठायच्या, आता न्हाईत. परवा सुईत दोरा ववला म्या, सुनंला इचारा."

सम्यकनं कपाळाला हात लावला. ऑपरेशनचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम छान दिसायला लागतं. मागच्या महिन्यात वाळूजच्या एकानं तर भिंतीवरचा तक्ता पाठ करून म्हणून दाखवला होता.

"मावशी, भीतीपोटी खोटं बोलू नका. डोळा हातचा जाईल."

"आन् खोटं बोलून मला काय बक्षीस मिळनार हाय?"

त्यानं कागद त्यांच्या हातातून घेतला, स्वतःचा डावा डोळा तळव्यानं झाकला आणि पाहिलं.

"हे बघा! झेरॉक्सच वाकडी मारलीय. ठिपक्यापाशी सगळ्या रेघा आत ओढल्यासारख्या. यावर पेशंट काय डोंबल सांगणार? सिस्टर, नवा आणा."

सिस्टरनं कपाटातून छापील कागदांचं नवं पाकीट आणून फोडलं. सम्यकनं पुन्हा डोळा झाकला.

"कमाल आहे! हेही तसलेच छापलेत."

दारात प्रेरणा मॅडम कधी येऊन उभ्या राहिल्या ते त्याला कळलं नाही.

"मॅडम, तुम्हीच बघा. असल्या सामानावर आम्ही काय शिकायचं?"

मॅडमनी कागद हातात घेतला. पाहिला. सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर फोडलेल्या पाकिटाच्या कडा दुमडत बसल्या.

"सम्यक," मॅडम हळूच म्हणाल्या, "दोन दिवस सुट्टी..."

"सुट्टी नकोय मॅडम! मला धड कागद हवाय!"

केसरबाई स्टुलावरून उठल्या, मॅडमच्या हातातला कागद घेतला आणि सम्यकच्या गुडघ्यावर ठेवला.

"रेघा सरळच हायत, लेकरा," त्या म्हणाल्या. "मलाबी आदी कागदच वाकडा वाटला व्हता."