सोमवारचे रोडगे

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. जळगाव जामोदच्या फुटबॉल संघाचे पगारी उस्ताद पंजाबराव. त्यांनी ऐन सामन्याआधी पाहुण्या संग्रामपूरकरांना आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या, आणि ती पोरं जडावल्या पोटानं चार गोल खाऊन, हरून घरी परतली. संग्रामपूरच्या निवृत्ती उस्तादांनी तो राग वर्षभर मनाच्या जात्यात दळला.

यंदा सामना संग्रामपुरात होता. निवृत्तींच्या अंगणात गोवऱ्यांवर कणकेचे जाडजूड रोडगे खरपूस भाजले, वांग्याच्या भाजीचा वास वेशीपर्यंत गेला. पण पंजाबरावांनी भरल्या ताटाला हात जोडले. "आज सोमवार हाये, उस्ताद. आमच्या साऱ्या पोरायचा उपास."

"तुम्ही कधीपासून उपास धराले लागले हो?"

"तुमचे रोडगे पाह्यले तवापासून!"

रांधलेलं अन्न फुकट कसं घालवायचं, म्हणून निवृत्तींच्या बायकोनं, तानुबाईनं, ते घरच्याच संघाला वाढून टाकलं. मग मैदानात भरल्या पोटाचे पळेनात आणि रिकाम्या पोटाचेही पळेनात. गोल कोणाचाच झाला नाही. पंचांनी सामना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खेळायला सांगितला.

दिवेलागणीला तानुबाईनं पुन्हा गोवऱ्या पेटवल्या. उपासानं कासावीस झालेली पाहुणी पोरं पंगतीत रोडग्यांवर तुटून पडली. "मानलं तुमच्या हाताले, वहिनी," पंजाबरावही म्हणाले.



त्यांच्या ताटात तुपाची धार धरत निवृत्ती गोड हसले. "पोटभर जेवा, उस्ताद. सकाळची न्याहारीबी आमच्याचकडे, अन् उद्या मंगळवार हाये."