पाहुण्याचं रक्त

काळप्रवासाचे दावे तपासणाऱ्या डॉ. शर्वरी राजाध्यक्षांनी आजवरचे सगळे दावे खोटे ठरवले होते. भविष्यातून आल्याचं सांगणाऱ्या निरंजनची भाकितं आणि विचित्र नाणीही त्यांनी बाजूला सारली. पण त्याच्या रक्तात कुठल्याच ज्ञात रोगाशी न जुळणारी प्रतिपिंडं सापडली.

"कसली लस घेतली होतीत?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या वर्षीच्या साथीची. लहान मुलं फार गेली त्यात," तो चहा पीत म्हणाला. "त्याआधीचं शहर बघायला आम्ही येतो. तिकिटं मिळत नाहीत हो!"

"आणि कुणीच आम्हाला सावध केलं नाही?"

"सहलीत कोण असल्या भानगडीत पडतं?"

शर्वरी उठल्या. दाराला आतून कडी घालून त्या कोपऱ्यातल्या नर्सकडे वळल्या.

"सिस्टर, यांचं आणखी रक्त घ्या. लस तयार होईपर्यंत हे कुठेही जाणार नाहीत."