तक्रारीचं पत्र, शब्द एकशेवीस

बुधरी इंग्रजीत पास झाली की गुणवंतरावांना नागपूर मिळणार होतं. नागपूर म्हणजे ते ज्या संस्थेसाठी गावात शिकवत तिचं ऑफिस, फिरती खुर्ची, पोरीला बरी शाळा आणि धानोऱ्यापुढच्या जंगलातल्या रस्त्यावर मोटरसायकल घालणं कायमचं बंद. बुधरीला मिळणार होतं नर्सिंग. बारावीच्या इंग्रजीत ती दोनदा बसली होती, दोनदा नापास. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा जमलं नाही तर मोहाची फुलं वेचायला घरात दोन हात वाढतील, असं तिच्या बापाने सांगून टाकलं होतं. एकाच पेपरावर दोघांचा डोळा होता, आणि बसायचं मात्र एकटीला.

मंगळवारी गावचा बाजार. त्या दिवशी समाजमंदिरातला वर्ग भरलेला असायचा. अकरा पोरंपोरी यायची. आधी रजिस्टर फिरे. सोमवार ते शनिवार सहा रकाने, अकरा जणांच्या सह्या व्हायला पंधरा मिनिटं जात. तोवर गुणवंतराव हेल्मेट टेबलावर ठेवून घड्याळ बघत, खिडकीपाशी जात, परत येत, पुन्हा घड्याळ बघत. एका जागी बसणं त्यांच्या कुंडलीत नव्हतं.

शिकवणं मात्र पक्कं. बुधरीचा पहिला निबंध म्हणजे पानभर एकच वाक्य होतं, ‘अँड’ला ‘अँड’ बांधत नेलेलं. संस्थेच्या मयुरी मॅडम तपासणीला आल्या होत्या, त्यांनी ते पान पाहून कपाळावर हात मारला होता. गुणवंतराव शांतपणे म्हणाले, “वाक्य म्हणजे मोळी, बुधरी. डोक्यावर पेलते तेवढीच बांधाची आन् गाठ माराची. फुलस्टॉप म्हणजे गाठ.”

हे तिला एका दमात कळलं. मग ती पुढचं सगळंच पटापट शिकली. ‘बट’च्या आधी श्वास घ्यायचा, तिथे कॉमा. नाव आलं की पहिलं अक्षर मोठं. तक्रारीत उद्गारचिन्ह टाकायचं नाही, ते नळावरच्या भांडणात शोभतं. शेवटची पाच मिनिटं नवं काही लिहायचं नाही, नुसत्या गाठी तपासायच्या.

वह्या संस्थेने फुकट दिलेल्या. मागच्या पुठ्ठ्यावर संस्थेच्या मुख्य कचेरीचा बंगळुरूचा पत्ता होता आणि खाली छापलं होतं की काही सांगायचं असेल तर इंग्रजीत लिहून कळवावं. तिथे बाकीचे हिशेब मांडत. बुधरीशेजारी बसणारी मंगली मेंदीच्या नक्ष्या काढायची.

दिवाळीनंतर बुधरीने तक्रारीचं पत्र सरावाला घेतलं. विषय तिचा तिनेच काढला. फिरत्या वाचनालयाची गाडी कागदावर येते, गावात येत नाही.

गुणवंतराव पत्र वाचत नसत, विरामचिन्हं वाचत. त्यांनी चार कॉमा घातले, दोन काढले आणि शब्द मोजले. एकशेचाळीस. वीस जास्त. शेवटी वाचकांच्या सह्या कशा घेतल्या जातात यावर दोन ओळी होत्या. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली.

“पुरावा द्याचा नाई का, सर?” बुधरीने विचारलं.

“तपासणारा पुरावा नाई पाहत. शब्द मोजते.”

पुढच्या मंगळवारी तेच पत्र. त्याच्या पुढच्याही. मंगली वैतागली. “काऊन वो, त्या गाडीवाल्यासंग सोयरीक कराची हाये का तुले?”

बुधरी हसली नाही. तिने पान पुन्हा उतरवून काढलं.

चौथ्या मंगळवारी गुणवंतरावांनी पत्रावरून पेन दोनदा फिरवलं. टेकवायला जागा सापडली नाही. “आता यात माह्या पेनाले काम नाई,” ते म्हणाले, आणि त्यांना नागपूर दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी बुधरी धानोऱ्याला पोस्टात जाऊन आली. तेव्हापासून तिचं कशात लक्ष लागेना. वर्गात ती वहीकडे कमी आणि सरांच्या तोंडाकडे जास्त बघायची. परीक्षेची भीती असेल म्हणून गुणवंतरावांनी तिला पाणी पिऊन यायला सांगितलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी मयुरी मॅडम त्यांच्या गडचिरोलीच्या घरी आल्या. चहाच्या कपाशेजारी त्यांनी एक पत्र ठेवलं. बंगळुरूहून फिरत आलेलं.

अक्षर ओळखीचं होतं. कॉमा तर घरचेच. गुणवंतरावांनी पहिल्यांदाच कॉमा सोडून शब्द वाचले. गाडीच्या जागी शिक्षक होता. कागदावर सोमवार ते शनिवार, गावात फक्त बाजाराच्या दिवशी. सह्यांच्या दोन ओळी तेवढ्या नव्हत्या. खाली बुधरीचं नाव, पहिलं अक्षर मोठं.

चहावर साय धरली.

“पानभर एकच वाक्य लिहिणारी ती हीच ना?” मयुरी मॅडमनी विचारलं.

गुणवंतरावांनी मान हलवली.

“दोनदा नापास झालेली?”

पुन्हा मान.

“मी बंगळुरूला कळवून टाकलं,” मॅडम म्हणाल्या. “आठवड्यातून एकदा शिकवून असं पत्र लिहिता येत नाही, गुणवंतराव. पोरी रागात लिहितात काहीबाही. तिथल्या साहेबांनी ते पत्र नमुना म्हणून फायलीला लावलंय. आता निकालाची वाट कशाला बघायची? एक तारखेपासून नागपूरला या.”

वर्गाचं काय, असं त्यांनी विचारल्यावर मॅडमनी सांगितलं की नवा माणूस बघताहेत, मार्चनंतर पाठवतील.

गुणवंतरावांनी सायीसकट चहा संपवला.

जानेवारीच्या पहिल्या बाजाराला बुधरी वही घेऊन समाजमंदिराच्या पायरीवर बसली. कुलूप होतं. परीक्षेला सहा आठवडे होते. बाजार उठेपर्यंत ती रस्त्याकडे बघत राहिली. पत्र उरलेल्या पाच दिवसांसाठी लिहिलं होतं. आता मंगळवारही गेला.