किल्ल्याचा दरवाजा कोणी उघडला

अकरा प्रकाशकांकडून परत आलेली ऐतिहासिक कादंबरी वसंतराव आपटीकरांनी लेखकांना प्रकाशक मिळवून देणाऱ्या एजंटबाईंच्या टेबलावर ठेवली आणि मग तिथल्या पाटीवरचं नाव वाचलं. मृणाल रांगणेकर. कादंबरीत किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा फितूरही रांगणेकरच होता.

"फितुराचं आडनाव काय ठेवलंय?" बाईंनी विचारलं. "हल्ली त्यावरूनच भांडणं होतात."

वसंतरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसलेलं आडनाव ठोकून दिलं. "खासनीस."

"अहो, आपण खासनीस प्रकाशनालाच कादंबरी देणार आहोत."

वसंतरावांनी घाम पुसत स्वतःचंच आडनाव दिलं. "मग आपटीकर."

"चालेल. आणि नायक?"

आठशे पानं किल्ला लढवणारे कादंबरीचे नायक, म्हणजे त्यांचेच आपटीकर खापरपणजोबा, वसंतरावांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

"रांगणेकर," ते म्हणाले.

फितुरी इतकी सोपी असते, हे कादंबरीत कुठेच आलं नव्हतं.