उजवी बाही

सॉफ्टबॉलच्या मैदानात होमप्लेटवरची धूळ बसण्यापूर्वीच पंच धांडेसरांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि मूठ वळली. आउट! पंचांच्या पक्षपाताच्या तक्रारी वाढल्यापासून निर्णय कॅमेरे घेत आणि पंचाच्या हातावरची यांत्रिक बाही तो जाहीर करी. पुढचा चेंडू टाकला जाईपर्यंत ती हात सोडत नसे.

धुळीत कॅमेऱ्यांना दिसले नव्हते ते सरांना दिसले होते. धावत आलेल्या मंजिरीला चेंडू लावताना विरुद्ध संघाच्या कॅचरच्या, शाहीनच्या हातमोज्यातून चेंडू निसटला होता.

"सर, तुम्ही इथंच होता ना!" घसरत आलेली मंजिरी म्हणाली. ही धाव गेली, तर तिची जिल्हा संघातली जागाही जाणार होती.

"बाहीला विचार गं," मागून कुणी खिदळले. "सर नुसते खांद्यापुरते आहेत!"

सरांनी हात ओढून पाहिला. तो तसूभर हलला नाही. सेफ, म्हणजे नाबाद, द्यायला दोन्ही हात आडवे पसरावे लागतात. त्यांनी डावा तेवढा पसरला आणि ते तसेच अर्धवट उभे राहिले.

शाहीन त्यांच्या उजवीकडे आली. "बॉल सुटला होता माझ्याकडून," म्हणत तिने आपला उजवा हात पसरला.

फलकावर आउटच राहिले. शाहीनच्या संघातल्या पिचरने हातातला चेंडू टाकण्याऐवजी हलकेच जमिनीवर ठेवला. सरांचा खांदा ठणकू लागला होता, पण त्यांनी तिला घाई केली नाही.