माझं नाव

दांडी गावची जमना मासळी विकायची. बोलताना ती अडखळायची आणि स्वतःच्या नावापाशी तर हमखास अडायची, म्हणून दवाखान्यात किंवा रेशनच्या दुकानात तिचं नाव नवराच सांगायचा. मुंबईच्या एका नाटक मंडळीनं गावातल्या बायकांना घेऊन त्यांच्याच आयुष्यावर नाटक बसवलं, तेव्हा जमना आपणहून पुढे झाली. बोईसरच्या प्रयोगाआधी दिग्दर्शिका प्रतीक्षा तिला हळूच म्हणाली, "मावशी, आज मोठे पाहुणे आहेत. तुमची वाक्यं मी आतून म्हणते, तुम्ही नुसता अभिनय करा." "नाय बाय," जमना म्हणाली, "माजं मीच बो... बोलनार." पडदा उघडला. जमना पुढे आली. "माजं नाव ज... ज..." शब्द काही केल्या सुटेना. मागे कोणीतरी हसलं. पहिल्या रांगेत बसलेल्या नवऱ्याला ते सहन झालं नाही. तो उठून सवयीनं ओरडला, "जमना! जमना नाव हाय तिचं!" लोकांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. जमनानं हात वर करून त्या थांबवल्या. "तुमी खाली बसा," ती नवऱ्याला म्हणाली, "नाव माजं हाय." तो बसला. मग तिनं वाक्य पहिल्यापासून सुरू केलं. ती पुन्हा अडली, मानेच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला, पण मध्ये कोणी बोललं नाही. शेवटी नाव बाहेर पडलं. आणि नाटकात नसलेलं एक वाक्य जमनानं त्याला जोडलं, "आता बाकीचं आयका."